खालच्या कप्प्यातली मुळं

६ ऑगस्ट

चि. घुशीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा डबा ट्रकवाल्याने काल आणून दिला. प्रयोगशाळेचं शीतगृह बिघडलंय, तोवर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, एवढंच तू लिहिलंस. आत काय आहे त्याचा पत्ता नाही. मला वाटलं खाऊ असेल, म्हणून उघडला. शी! चिखलाने लडबडलेली मुळं. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता अडकतो ना, थेट तशी. कुबट वास, वर हिरवट बुरशी. शेजारचं दूध मी ओतूनच दिलं.

तुझे आतोबा म्हणाले, त्यात जीव आहे, हात लावू नकोस. मी म्हटलं, अहो, जीव आहे म्हणूनच तर किळस येते! लहानपणी तू माती उकरून खिशातून गांडुळं आणायचीस, म्हणून तर घूस नाव पडलं, तेव्हा तुला साबणाने घासघासून धुतलं. काडीचा उपयोग झाला नाही.

लोभ आहेच, पण फ्रीज लवकर मोकळा कर.
आत्या

१३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, त्या डब्याला हात लावू नकोस. इथे उंच डोंगरावर वर्षातले बरेच महिने सगळं गोठलेलं असतं. खडकात माती नावालाच, तरी झुडपं जगतात. त्यांच्या मुळांच्या आत काळ्या धाग्यांची बुरशी राहते, तीच त्यांना पोसते असा माझा अंदाज आहे. ती मुळांतून वाढवून दाखवायची आहे. जिथे खणलं तो उतार दरडीखाली गेला, आता आहे ते तुझ्या फ्रीजमध्येच. बुरशी उगवली नाही, तर पुढच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम मला वर आणणार नाहीत.

आणि किळस म्हणशील, तर इथे एका तंबूत सहा जण आहोत, अंघोळ नाही. मोज्यांच्या वासापुढे तो डबा म्हणजे अत्तर.

माया असू दे, झाकण बंद असू दे.
तुझी घूस

२० ऑगस्ट

चि. घुशीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं, पण उशिरा. मी परवाच ती मुळं धुतली गं. रात्रंदिवस तो डबा डोळ्यांपुढून हलेना, भात गिळवेना. शेवटी हातमोजे चढवले, नाक बांधलं, चिखल घासून काढला, मुळं ब्लीचच्या पाण्यात बुडवली आणि उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून काढली. स्वच्छ डब्यात भरताना मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं. आता माझीच मला किळस येते. शीतगृह सुरू झालं म्हणे. डबा तिकडे पाठवलाय.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाक.
आत्या

२२ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर तंबूतच मिळालं. तुझ्या स्वच्छतेचाच वीट आला होता. खाली आल्यावर घाबरत मॅडमना सांगितलं, तर त्या हसतच सुटल्या. प्रयोगशाळेतही मुळं आधी ब्लीचने धुतात. वर चिकटलेली बुरशी मरते, मुळाच्या आतली तेवढी उरते. फक्त आम्ही घड्याळ लावतो, आणि तू किळस जाईपर्यंत धुतेस. त्यामुळे आतलीही मेली असेल अशी धाकधूक होतीच.

बारीक मुळं गेलीच. जाड मुळांचे तुकडे थंड कपाटात ठेवले. कित्येक दिवस काहीच नाही. परवा एका तुकड्याच्या टोकातून काळी लव फुटली आणि मी तिथेच रडले. पुढच्या वर्षीच्या तुकडीत माझं नाव आहे. सोबत फोटो पाठवते.

अशीच धूत राहा, पण आधी मला विचार.
तुझी घूस

३० सप्टेंबर

चि. घुशीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो जेवताना उघडला, ताट तसंच सोडून उठले. नाल्यात बुडालेल्या बोक्याची शेपटी दिसते गं ती! आतोबांनी तो गल्लीभर मिरवला. मीही सगळ्यांना सांगितलं, की हे माझ्या भाचीने शोधलं आणि मी धुतलं. कुणीही माझ्या घरचा चहा घेतला नाही.

फोटो फ्रीजच्या दारावर लावलाय, तोंड आत करून. दूध कायमचं वर हलवलंय. खालचा कप्पा पुसून रिकामा ठेवलाय, पुढच्या वर्षीचा डबा तिथेच ठेव.

आत्या