भगवानरावांच्या दुकानातलं माझं भाषण

यवतमाळ, मंगळवार

तीर्थरूप कुंदाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत ते तिथेच राहू दे. तुझा गुडघा कसा आहे? कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली वणीची धूळ यंदा तुझ्या पापडांवर किती बसली? इथे मी आणि तुझी आभा खुशाल आहोत. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, त्यामुळे आभा अभ्यास करते आणि मी तिच्या शेजारी पुस्तक उघडं ठेवून बसते. फोनच केला असता, पण घरमालकांचा फोन त्यांच्या बैठकीत आहे आणि मी बोलायला लागले की ते टीव्हीचा आवाज बारीक करतात.

आत्या, काय सांगू, काल मी भर बाजारात भाषण केलं! मी, जिला शाळेत प्रार्थना म्हणतानाही घाम फुटायचा! आणि श्रोत्यांत तुमच्या शेजारचे वामनराव होते (कचेरीच्या कामाला इथे आले होते, आणि पोटात गॅस धरला म्हणून औषध घ्यायला थांबले होते). ते वणीला पोचले की दम खायच्या आधी तुझ्या ओट्यावर येतील आणि सांगतील की तुझी भाची विष प्यायला निघाली होती, किंवा त्याहूनही वाईट काहीतरी. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहते. तिला आपण नुसतं शेजारीण म्हणू. आमच्याच वर्गातली, तेवीस वर्षांची, चांगल्या घरची. तिचं एका मुलाशी जमलंय. मंदार नाव, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, परीक्षा झाल्यावर दोघं घरी सांगणार आहेत. त्यांनी काळजी घेतली होती, पण ती काळजी ऐनवेळी फाटली (हे लिहिताना माझे कान तापले, तू वाचताना चष्मा काढ). शेजारीण सकाळपासून रडत होती. अशा वेळी घ्यायची गोळी असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, मालिकेच्या मध्ये तिची जाहिरातही लागते, हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. दुकानात जाऊन मागायचं कोणी, एवढंच ठाऊक नव्हतं.

आधी मंदारला पाठवलं. तो पहिल्या दुकानातून खोकल्याचं औषध घेऊन आला, दुसऱ्यातून बाम, तिसऱ्यातून ग्लुकोजचा डबा. प्रत्येक काउंटरवर ओळखीचा माणूस उभा, याला काय करणार! चौथ्या दुकानात बिचाऱ्याने तोंड उघडलं, तर तिथल्या माणसाने लग्न झाल्याचा पुरावा म्हणून पत्रिकाच दाखवायला सांगितली. मग शेजारीण उठली, डोळे पुसले, चेहऱ्याला स्कार्फ बांधला (आपल्याकडे स्कूटीवरच्या सगळ्या पोरी बांधतात तसाच, नुसते डोळे उघडे) आणि एकटीच भगवानरावांच्या मेडिकलमध्ये गेली. भगवानराव शांत माणूस आहे, तिथे गर्दी नसते, असा हिशेब.

आता गंमत बघ. आपल्या जिल्ह्याचं नाव गेली दोनतीन वर्षं कशासाठी पेपरात येतं ते तू जाणतेस. दिल्लीमुंबईहून गाड्या भरभरून माणसं येतात, पाहणी करतात, शिबिरं घेतात. मागच्या आठवड्यात कुठल्याशा संस्थेने औषधवाल्यांचं आणि कृषी केंद्रवाल्यांचं शिबिर घेतलं. कोणी एकटं आलं, रडवेलं दिसलं, नाव न सांगता काही मागू लागलं, तर देऊ नका, बसवा, बोलतं करा, एकटं सोडू नका. भगवानरावांनी हे इतकं मनावर घेतलं की शिबिरात मिळालेला छातीवरचा बिल्ला झोपतानाही काढत नसावेत. आणि त्यांच्यासमोर नेमकी आमची शेजारीण उभी! डोळे लाल, तोंड झाकलेलं, हळूच म्हणतेय, काका, एक गोळी पाहिजे, नाव नाही सांगता येत.

मी अर्ध्या तासाने तिला शोधत गेले तेव्हा दुकानात सभा भरली होती. शेजारीण स्टुलावर मधोमध. समोर चहा, आणि तोंड उघडं करावं लागेल म्हणून ती तो पीत नाही. पीत नाही म्हणून सगळे आणखी घाबरलेले. भगवानराव शिबिरात शिकवल्याप्रमाणे विषय बदलून लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलत होते. बीपीची गोळी घ्यायला आलेल्या जैनबबी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. वामनराव पोट धरून उभे. "पोरी, जीव एकदाच भेटते वो," भगवानराव परत कैऱ्या सोडून म्हणाले, "परीक्षेचं टेन्शन हाये का? घरी कोनी मारून राह्यलं का? सांग ना माय." ती मान हलवून नाही म्हणायची, की जैनबबी म्हणायच्या, "हाय अल्ला, बोलतीच नाही बिचारी!" मला पाहताच भगवानरावांनी मलाही दुसऱ्या स्टुलावर बसवलं. मैत्रिणीही सोबत जातात म्हणे, असं त्यांना शिबिरात सांगितलं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती वामनरावांकडे पाहत होती आणि स्कार्फची गाठ घट्ट करत होती. तेवढ्यात भगवानराव फोनकडे वळले, दवाखान्याला लावावा की पोलिसांना असा त्यांचा गोंधळ चाललेला, आणि आत्या, मला काय झालं कोण जाणे, मी स्टुलावरून उठले आणि ओरडले, "काका, आमाले मरायचं नाही हो! ती टीव्हीवरची गोळी पायजे, दुसऱ्या दिवशी घ्यायची, पोट राहू नये म्हणून! मले पायजे! हे नुसती सोबत आली!"

मला वाटलं, आता दगड पडणार.

आणि भगवानराव हसले गं! डोळे पुसत हसले. "अस्सं हाय का! मंग सांगाचं ना बाप्पा पहिलेच! माह्या जीवाचं पानी झालं ना!" जैनबबींनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या गालावर टपली मारली. मागे उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, देऊन टाका लवकर. पोरगी मरत नाही, या एका गोष्टीचा त्यांना इतका आनंद झाला की बाकी काय झालं ते विचारायचं राहूनच गेलं. भगवानरावांनी गोळी पुडीत घातली आणि एकदम दुकानदार झाले: आज आत्ताच घ्या, तीन दिवसांच्या आत चालते पण जितकी लवकर तितकी पक्की; दोनतीन तासांत उलटी झाली तर परत या; पाळी आठवडाभर लांबली तर डॉक्टरांना दाखवा; आणि ही रोजची गोळी समजू नका. एकट्या वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गॅसचं औषध न घेताच गेले.

शेजारणीने तिथेच पाण्याबरोबर गोळी घेतली, पाठमोरी होऊन, स्कार्फ जरा वर करून. थोडं मळमळलं, पण उलटी नाही. खोलीवर परतलो तर मंदार ग्लुकोज कालवून घेऊन बसला होता. मी मात्र अजून हवेत आहे! मला वाटतं मी आता कुठेही, काहीही बोलू शकते.

तुझी लाडकी (अजूनही असेन तर),
मधुवंती

ता. क. आत्या, आमच्या शेजारच्या खोलीत कोणीच राहत नाही. तिथे घरमालकांनी कापूस भरून ठेवलाय, भाव चढेल म्हणून.

दुसरा ता. क. कुठेही काहीही बोलू शकते म्हटलं, पण हे लिहायला मला चार पानं लागली. स्कार्फमध्ये आभा होती. ती बरी आहे, फक्त दोन दिवस धड जेवत नाही, आणि ते गोळीमुळे नाही, तुझ्यामुळे. तू तिच्याशी बोलणं टाकशील, याचीच तिला भीती आहे. तुझ्यापासून लपवायचं नाही असंही तीच म्हणते. शनिवारच्या एसटीने ती येतेय. तिला दारात उभं करून विचारू नकोस, आधी जेवू घाल. वामनरावांना गोळी माझीच वाटू दे, माझ्या बाबांच्या कानावर गेलं तर त्यांचं मी बघते.

तिसरा ता. क. (हे अक्षर माझं नाही, तू ओळखशील.)

आई, येऊ ना मी?