टेकडीवर नेलेलं गाव

४ मे १९७६, मंगळवार

दाढ्या! जिकडे बघावं तिकडे दाढ्या. गावाला शंभर वर्षं होताहेत म्हणून प्रत्येक पुरुषाने दाढी वाढवायची — कमिटीचा फतवा. पूर्वजांचा मान म्हणे! आज पोस्टात रांगेत उभी होते. पुढे दाढीचे खुंट, मागे दाढीचे खुंट. एकाच्या खुंटांत सकाळचं अंडं सुकलेलं. शी!

जो दाढी करेल त्याला चौकातल्या लाकडी पिंजऱ्यात बसवतात. औषधाच्या दुकानदाराला काल दुपारभर बसवलं. त्या बिचाऱ्याला त्वचेचा आजार आहे. लोक फोटो काढत होते, मुलं शेंगदाणे फेकत होती. हे आमचं गाव!

संध्याकाळी वेंडेल स्ट्राउड आला. बँकेचा साहेब, कमिटीचा अध्यक्ष. चौथीत मी त्याला शिकवायचे तेव्हा दुसऱ्यांचे डबे खायचा, आता सगळ्या गावाचं खातो. "बाई, उत्सवाच्या पुस्तकात गावाचा इतिहास-भूगोल तुम्हीच लिहायचा. तुमच्याशिवाय आहे कोण?"

"खरा लिहू का?" मी विचारलं.

तो पोट धरून हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

५ मे

शेजारच्या मर्नाने माझ्यासाठी पूर्वीच्या बायका घालायच्या तसलं टोपडं शिवलंय. गुलाबी! मेले तरी घालणार नाही.

७ मे, शुक्रवार

लिहायला बसले. आधी भूगोल. गावाचं नाव टॅलमन्स फेरी. फेरी म्हणजे नदी ओलांडायची नाव. नावात नाव आहे, पण पाणी कुठे आहे? नदी तीन मैल लांब. उन्हाळ्यात तीसुद्धा नेब्रास्काच्या इतर नद्यांसारखीच — रुंदी मैलभर, खोली घोट्याएवढी. बाकी सगळीकडे मका. मका संपला की पुन्हा मका.

आता इतिहास. आमचा संस्थापक कर्नल एझरा टॅलमन हा पक्का भामटा. कर्नलही नव्हता. त्याने पूर्वेकडे रंगीत पत्रकं वाटली. नदीत आगबोटी, काठावर नाट्यगृह, मागे कॉलेज! होतं काय, तर एक झोपडं आणि एक तराफा. माझे आजोबा ओहायोहून ते चित्र खिशात घालून आले. उतरल्या उतरल्या विचारलं, "बंदर कुठे आहे?" टॅलमन म्हणाला, "पाणी वाढलं की दिसेल."

१९१५ साली पाणी वाढलं. दिसलं सगळं.

त्यानंतर घाबरून आख्खं गाव टेकडीवर न्यायचं ठरलं. जानेवारीत, बर्फावरून. घरांखाली ओंडके घातले आणि घोडे जुंपले. मी आठ वर्षांची होते. आमचं घर चढावर निघालं तेव्हा चूल पेटलेली होती, मी पलंगावर बसले होते आणि खिडकीतून शाळा मागे जाताना दिसत होती. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिच्या थडग्याचा दगडही त्याच महिन्यात वर आला, सगळ्यांचेच आले. दफनभूमीही हलवली ना.

आणि पुढे काय? १९२४च्या पुरात नदीनेच पात्र बदललं. आम्ही तिच्या भीतीने वर पळालो, आणि ती आम्हाला कंटाळून लांब निघून गेली. जुन्या गावठाणाशी उरलं एक डबकं. शेवाळ आणि बेडूक. बाकीच्या जागेवर अँटोन क्रेपेलाने डुकरं पाळली आहेत. दक्षिणेचा वारा सुटला की गावभर तो वास! गेली चाळीस वर्षं मी त्या माणसाशी बोललेले नाही.

९ मे, रविवार. मदर्स डे

आईच्या दगडापाशी जाऊन आले. दगडावर तिच्याखाली माझंही नाव कोरून ठेवलंय — लिओटा, १९०७, मग रेघ, मग कोरी जागा. लग्न केलं नाही, तेव्हा माझी जागा तिच्याच शेजारी. तिला आठवड्याचं सगळं सांगितलं. दाढ्यांचंही सांगितलं. नेहमीच सांगते. आयुष्यात मी खरं बोलले असेन तर त्या गवतावर बसून.

तिच्या पलीकडे बाबा. तिकडे मी बघत नाही.

मे महिन्याच्या शेवटी थडग्यांना फुलं वाहायचा दिवस असतो. सगळं गाव कॉफीच्या डब्यांत पिओनीची फुलं घेऊन वर यायचं, आणि हा माणूस गळ खांद्यावर टाकून खाली! मासे धरायला! स्वतःच्या बायकोला एक फूल नाही. दरवर्षी. मी मास्तरीण झाले त्या साली फाटकात आडवी उभी राहिले. "आजच्या दिवशी तरी?" म्हटलं. ते म्हणाले, "लिओटा, बाजूला हो." तेवढंच. अंधार पडल्यावर परत आले तेव्हा हात रिकामे, नखांत माती. मासा धरायचीसुद्धा अक्कल नव्हती!

एक्केचाळीस साली गेले. गळ अजून गॅरेजात टांगलेला आहे. फेकून द्यायचा असं दर वसंतात ठरवते.

१४ मे, शुक्रवार

कमिटीची बैठक. मध्ये टेबलावर हिरवी जेली, आत गाजराचा कीस. कोणी बोललं की ती थरथरायची. आणि बोलणं काय, तर टॅलमनला दफनभूमीतून उकरून काढायचं, ३१ तारखेला घोडागाडीतून वाजतगाजत चौकात आणायचं आणि नव्या पुतळ्याखाली पुरायचं.

मी म्हटलं, "मेलेल्याला तरी सोडा!"

वेंडेल म्हणाला, "बाई, लोक लांबून बघायला येतील. हायवेवरून वळतील."

"काय बघायला? खड्डा?"

सगळ्या दाढ्या हलल्या. ठराव पास. खणताना गावाचा इतिहास लिहिणारी म्हणून मी हजर राहायचं, असंही ठरलं. जेली कोणी खाल्ली नाही. ती मर्नाने डब्यात भरून मला दिली. मांजरानेही तोंड लावलं नाही.

२० मे, गुरुवार

सरळ लिहिते.

सकाळी खणायला सुरुवात केली. कमरेइतकं झालं, मग डोक्याइतकं. काही नाही. वेंडेल वरून ओरडत होता, "अजून खाली! पूर्वीचे लोक खोल पुरायचे!" अजून खाली. एक फळकूट नाही, खिळा नाही, बटण नाही. फक्त पिवळी माती, पट्ट्यांवर पट्ट्या, देवाने ठेवली तशी. एकदा खणून बुजवलेली माती पुन्हा कधी तशी बसत नाही. सहावीच्या मुलांना मीच शिकवायचे ते, काचेच्या बरणीत माती भरून.

तिथे कधी कोणी खणलेलंच नव्हतं.

दाढीखाली वेंडेलचा चेहरा पांढराफटक. मग सावरला. सावरणारच, बँकेत आहे! खणणाऱ्याला म्हणाला, "शवपेटीत दोन गोणी वाळू भर. उचलताना वजन लागलं पाहिजे." आणि मला, "बाई, हे आपल्यातच."

किळस आली. भामट्याची मिरवणूक, आणि पेटीत तोसुद्धा नाही!

मग मान वळवली. त्याच रांगेत चार दगड सोडून आईचा दगड.

२१ मे

वेंडेल सकाळीच आला. "गावाच्या आनंदात मिठाचा खडा नका टाकू, बाई."

मी म्हटलं, "त्या रांगेतले बाकीचे? तेही खणून बघायचे?"

बराच वेळ हॅट फिरवत बसला. मग म्हणाला, "माझी आजी आहे त्या रांगेत. मला नाही बघायचं."

पहिल्यांदाच तो मला चौथीतला दिसला. तरी त्याला चहा-कॉफी विचारली नाही.

आई, तू कुठे आहेस?

२३ मे, रविवार

वर गेले. बसले. इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते? लाज वाटली, मग संताप आला. गावाने दगडसुद्धा खोटे लावले! खाली उतरताना मर्ना भेटली, म्हणाली, "अगं, फुलं कोणती नेणार यंदा?" मी तशीच खाली निघून गेले.

२७ मे, गुरुवार

अँटोन क्रेपेलाकडे गेले. दुसरं कोण उरलंय? जुनी जागा त्याची, आणि गाव हललं तेव्हा त्याचा बाप घोडे हाकत होता.

नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरले. चिखल, डुकरांच्या किंकाळ्या, आणि त्यात हा उंचेला म्हातारा, हनुवटी गुळगुळीत. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"पिंजऱ्यात घालायला इथवर कोणी येत नाही," म्हणाला. "वासाला भितात. ये. नाक धरून आलीस तरी चालेल."

मी विचारलं, "माझी आई कुठे आहे?"

त्याने हातातली बादली खाली ठेवली. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. टॅलमनला उकरायला गेलो होतो."

तो हसला, मग थांबला. "जानेवारीचा महिना होता, लिओटा. जमीन लोखंडासारखी. कुदळ मारली की ठिणग्या उडायच्या. म्हणाले, आत्ता दगड नेऊ, माणसं वसंतात नेऊ. वसंत आला तर पेरण्या अंगावर आल्या. पुढल्या वर्षी लढाई लागली, पोरं फ्रान्सला गेली. आणि तोवर तुम्ही बायका त्या दगडांपुढे फुलं घेऊन बसायला लागला होता. रडून मोकळ्या होत होता. आता कोण सांगणार? ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले. एकेक करून मेले."

"सगळ्यांनी गिळलं?" मी किंचाळलेच. "इतका खोटारडेपणा! टॅलमनचीच औलाद सगळी!"

"ओरडून झालं की चल," तो म्हणाला.

डुकरांच्या आवारामागे, त्या डबक्याच्या अलीकडे, तारेचं कुंपण. चांगलं ताणलेलं, एकही डुक्कर आत नाही. आणि आत पिओनी. लाल, पांढऱ्या, गुलाबी, कळ्यांवर मुंग्या. रांगांच्या रांगा. त्या रांगा मला पाठ होत्या. वर टेकडीवर दगड जसे उभे आहेत तशाच.

"कोणी लावलं हे?"

"तुझ्या बापाने. पहिलं रोप तुझ्या आईचं. मग दरवर्षी एकेक दुसऱ्यांचं. दगड त्यानेच उपटले होते, तेव्हा कोण कुठे हे त्याला बरोबर ठाऊक. कुंपणही त्याचंच. मी नुसती तार ओढतो. फुलांच्या दिवशी सकाळीच यायचा, अंधार पडेस्तोवर गवत काढत बसायचा."

"ते मासे धरायला यायचे," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे.

"गळ आणायचा खरा. तो तिथे खांबाला टेकवायचा." त्याने खांब दाखवला. "खुरपं घेऊन निघाला असता तर तू विचारलं नसतंस कुठे चाललात म्हणून?"

मी खाली बसले. चिखलातच. पहिल्या रांगेतलं आईच्या जागेचं झाड पांढऱ्या फुलांचं होतं. अँटोन बादली घेऊन निघून गेला. वास येत होता का, आठवत नाही.

२८ मे

१९२४ नंतर तिथे नदीच नव्हती. त्या डबक्यात मासे कुठून येणार? आणि भूगोल मी शिकवायचे!

२९ मे, शनिवार

मजकूर वेंडेलच्या हातात दिला. टॅलमनला भामटा म्हटलंय, ते त्याला कापायचं असेल तर कापू दे. दफनभूमीबद्दल एकच वाक्य आहे — १९१६च्या जानेवारीत गावाने आपले दगड टेकडीवर आणले. त्याने ते दोनदा वाचलं. "एवढंच ना, बाई?" म्हणाला. "एवढंच," म्हटलं. डोळे पुसले त्याने, दाढी पुसल्याचं निमित्त करून.

पेटीवर झेंडा घातलाय. आत वाळू. बँडवाले चौकात सराव करताहेत, बेसूर.

३१ मे, सोमवार

सकाळी सगळं गाव थडग्यांना फुलं वाहायला वर निघालं. मी गॅरेजातून गळ काढला. त्यावरची जळमटं झटकली, खुरपं कोटाच्या खिशात घातलं. फाटकात मर्ना, डोक्यावर टोपडं, हातात पिओनीचा डबा. माझ्या खांद्याकडे बघून तिचं तोंड वाकडं झालं. मी ते तोंड ओळखते.

"मासे धरायला चाललीस?" ती म्हणाली. "लिओटा, आजच्या दिवशी तरी?"

मी म्हटलं, "मर्ना, बाजूला हो."