शहात्तराव्या वर्षीचा डबा

वांदो, २१ सप्टेंबर २०१९

चि. पिलनाम हीस ताईचे अ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर बोलायला शाळा लागत नाही. शाळेत जाऊन लिहायला शिकले आहे, तर तू वाचायचंस.

आधी वाईट बातमी. कॉलेज प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेपूर्वीची सराव परीक्षा आमच्या प्रौढ वर्गात झाली. धास्तीनं सकाळी घास उतरेना, पण मधुमेहाची गोळी मात्र आठवणीनं घेतली. गणिताच्या पेपरात आकडे पोहायला लागले आणि मी बाकावर डोकं आपटलं. कपाळावर टेंगूळ आलंय. बाकी ठीक आहे.

थेसोक फार चिडला. आई, कॉलेज तुला वर्गाच्या दाखल्यावर घेतंय, मग नऊ तासांची परीक्षा कशाला, असं म्हणाला. त्याचं खरं आहे. पण तुला आणि माझ्या तिन्ही पोरांना मी परीक्षेच्या फाटकापर्यंत सोडलं आणि दर वेळी तिथूनच परत फिरले. आत काय चालतं ते मला एकदा पूर्ण दिवस बसून बघायचंय.

डॉक्टर म्हणाले, खाणं आणि गोळी घड्याळावर सांभाळणार असाल तर बसा, नाहीतर नाही. तू इंचनच्या इस्पितळात तीस वर्षं पेशंटांचं खाणं ठरवलंस. माझा एक दिवस ठरवून दे.

शब्द चुकले असतील तर लाल शाईनं खुणा करून पाठव. माया होती तेवढी राहू दे.

तुझी ताई,
पिलसुन

~

इंचन, २ ऑक्टोबर २०१९

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चुका चार आहेत, टेंगूळ धरून पाच.

आता नीट ऐक. सकाळी साडेसहाला जव घातलेला भात, अर्धी वाटी, मुळ्याचं सार आणि टोफू. पोटात अन्न गेल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही. दहा वाजताच्या सुट्टीत उकडलेले चेस्टनट, चारच. दुपारच्या डब्यात पुन्हा जवाचा भात, अंड्याची गुंडाळी, वाफवलेला भोपळा. खारवलेली किमची नावाला, नाहीतर तहान लागेल आणि मग पेपर सोडून संडासात बसशील. अडीचच्या सुट्टीत नासपतीच्या दोन फोडी. खिशात फळांच्या रसाची छोटी बाटली, हात थरथरले तरच. नवं काही त्या दिवशी खायचं नाही. जे खायचं ते आजपासून रोज त्याच वेळेला खाऊन बघ आणि साखरेचे आकडे मला कळव.

आणि मियोकचं, समुद्रातल्या त्या बुळबुळीत शेवाळाचं, सूप त्या दिवशी नको. इतकी वर्षं इस्पितळात काढून मी असं बोलते म्हणून हसशील. हस.

एक गोष्ट पन्नास वर्षं सांगायची राहिली. माझ्या कॉलेजच्या परीक्षेला तू सासरहून पायी येऊन डबा दिलास. पांढरा भात होता, खाली अंडं लपवलेलं होतं. तुझ्या घरी तेव्हा सगळे रताळी खात होते, हे मला ठाऊक होतं. मला तो खाववेना. तो डबा मी शेजारच्या मुलीला दिला. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली, निम्मा पेपर कोरा राहिला आणि त्या वर्षी मी नापास झाले. तुला मात्र सांगितलं की शीतही उरलं नाही.

म्हणून बजावते, डबा नुसता न्यायचा नाही, खायचा.

रागावली असलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
पिलनाम

~

वांदो, ११ ऑक्टोबर २०१९

चि. पिलनाम, अ. आ.

डब्याचं मला तेव्हाच कळलं होतं. तो घासून परत आला होता. तू तोवर कधी डबा घासला नव्हतास. मी काही बोलले नाही, कारण तुझं तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या वर्षी पास झालीस, तिथे माझ्यापुरतं ते मिटलं. तू मात्र ते इंचनला नेऊन एवढी वर्षं सांभाळलंस. आता टाकून दे.

तू जन्मलीस म्हणून माझी शाळा सुटली, असं आईच्या वर्षश्राद्धाला म्हणाली होतीस, तेही त्याच्याबरोबरच टाक. तुला पाठीवर बांधून हिंडताना मी तुझ्यावर पुष्कळ दादागिरी केली आहे, तेव्हा फिटंफाट.

तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे खाते आहे. साखर बरी आहे, आकडे मागच्या पानावर लिहिलेत. चार चेस्टनट म्हणजे चिमणीचं जेवण, हे नोंदवून ठेव. मियोक नको म्हणतेस. या बेटावरची सगळी पोरं मियोक विकून शिकली, आणि परीक्षेच्या दिवशी त्यालाच घराबाहेर ठेवतात. खाऊन घसरायला होतं म्हणे. बरं, त्या दिवशी नाही खाणार.

वर्गातल्या बायकांनी परीक्षेत चिकटून राहावं म्हणून चिवट गोड वड्यांचा डोंगर आणून ठेवलाय. थेसोकनं तो फडताळात ठेवून कुलूप लावलं. या घरात माझ्यावर विश्वास असलेला माणूस उरलेला नाही.

डबा माझा मीच भरीन. आठवण ठेव.

पिलसुन

~

वांदो, २८ ऑक्टोबर २०१९

ती. मावशींस, हेरानचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिलं हे आईंना कळू देऊ नका. परीक्षेचा डबा मी भरते म्हटलं, तर म्हणाल्या, तू तुझं जाळ्यांचं काम बघ. या घरात येऊन मला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा आपणहून मागितलेला नाही. त्या वाईट नाहीत, त्यांना सवय नाही. पण त्या सकाळी पहाटे उठून स्वयंपाक करून निघाल्या, तर परीक्षेआधीच थकतील.

यांना फार काळजी आहे, म्हणूनच हे रागावतात. परवा नकळत माझ्याकडे वळून म्हणाले की दुपारपर्यंत आई टिकली, तरी तिला खूप वाटेल.

भाताचं आणि भोपळ्याचं माप कृपा करून ग्रॅममध्ये कळवा. मीठ किती, तेही. आणि त्यांना कसं पटवायचं, ते तुम्हीच सांगा. तुमचं त्या ऐकतात.

थंडी सुरू झाली आहे, जपा.

तुमची,
हेरान

~

वांदो, १६ नोव्हेंबर २०१९

चि. पिलनाम, अ. आ. वि. वि.

तुझं पाच ओळींचं फर्मान आलं होतं. परीक्षेच्या उमेदवारानं स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, हा इस्पितळाचा नियम. कुठल्या इस्पितळाचा, ते लिहायला विसरलीस. तरी मी पाळला. परवा सकाळी हेरान डबा भरेपर्यंत मी स्वयंपाकघराबाहेर उभी राहिले. हात कुठे ठेवावेत, ते कळेना.

वर्गावरच्या मास्तरांनी आधी मला विचारलं की आजी, नातीला शोधताय का. मी प्रवेशपत्र दाखवलं. ते वाकून नमस्कार करून म्हणाले, तुमची जागा खिडकीकडची.

भाषेचा पेपर बरा गेला. गणितात चार प्रश्न मला येत होते, ते सोडवले. बाकीच्यांना आदरानं वाट करून दिली. इंग्रजीत यंत्रातून एक बाई आणि एक बाप्या पुष्कळ वेळ बोलत होते. भांडत होते की लग्न ठरवत होते, देव जाणे. इतिहासाला मात्र माझा हात थांबला नाही. त्यातलं निम्मं मी जगलेय. शेवटचा पेपर मी घेतलाच नव्हता. साडेचारनंतर उठले, पाय सरळ केले आणि चालत बाहेर आले. चक्कर नाही, थरथर नाही. रसाची बाटली तशीच परत आणली.

थेसोक फाटकाशी मोटार लावून दुपारपासून बसला होता. माझी पिशवी घेतली आणि मोटारीचं दार उघडून धरलं. हे तो कधी करत नाही.

आता डब्याचं सांगते. दुपारी सगळी पोरं आपापले डबे काढून बसली. मीही काढला. हेराननं तुझी सगळी मापं पाळली असणार, पण मला तिनं काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पिलनाम, मी आयुष्यात किती डबे भरले असतील, कुणास ठाऊक. आत काय आहे हे ठाऊक नसलेला डबा मी परवा पहिल्यांदा उघडला. झाकणावर हात ठेवून जरा वेळ तशीच बसले. घाई करावीशी वाटेना.

अंड्यात मीठ जास्त होतं. सगळं संपवलं.

तुझी,
पिलसुन