पाइपातला बोळा

११ जुलै
रात्रभर धो धो. सकाळी शेजारची विमल ओरडतच आली, "सुमनबाई, चला, विहार सारा गळून राह्यला!"
छताचा गिलावा जागोजागी खाली. बुद्धमूर्तीमागची भिंत वरपासून ओली. पोरांच्या अभ्यासाची पुस्तकं फुगलेली. बाहेर पाऊस थांबला तरी आत टपटप सुरूच.
सगळे सामान काढत होते आणि मला एकदम डाळ आठवली. शिडीनं वर गेले. स्लॅबवर तळं. उन्हाळ्यात इथे तुरीची डाळ वाळवली, तेव्हा ती पावसाचं पाणी उतरायच्या पाइपात जाऊ नये म्हणून जुन्या लुगड्याचा बोळा मीच कोंबला होता. डाळ नेली, बोळा राहिला. आतापर्यंत पाऊस रिमझिमच, कोणाला कळलं नाही.
बोळा ओढून काढला. पाणी गडगडत गेलं. खालून विमल, "काय हाय हो वर?"
"काही नाही," म्हणाले.
बोळा पदराआड लपवून आणला. नाल्यात टाकला.

१३ जुलै
विहार समितीची बैठक. स्लॅब टाकणारा देवानंद मिस्त्री, माझ्याच अंगणवाडीत वाढलेला पोरगा. अध्यक्ष गौतमभाऊ तोंडावरच म्हणाले, "सिमेंट खाल्लं तू."
"विहाराले धोका देईन काय मी, भाऊ?"
मी सतरंजीची घडी घालत होते. घडी घातलेली उलगडली, परत घातली.
शेवटी तोच म्हणाला, "मी करून देतो दुरुस्त."

१६ जुलै
हातोड्याचे आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतात. पोकळ गिलावा पाडतोय. पिठलं-भाकर घेऊन गेले. म्हणतो, "मावशी, गावात तुमीच तेवढ्या इचारता."
घरी आले, माझं ताट तसंच झाकून ठेवलं.
आणि तरी मनात हेच, की चांगला स्लॅब एवढा झिरपतो काय? थोडं त्याचंही चुकलं असेल. थोडं तरी.
लाज वाटते लिहायला.

२१ जुलै
आषाढ पौर्णिमा. वर्षावास लागला, आता तीन महिने रोज वाचन. विहार ओला, म्हणून ग्रंथवाचन विमलच्या ओसरीत. वाचणार मीच, दरवर्षीसारखी. आधी पंचशील. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, नुसते ओठ हलवले.
"गळा बसला काय बाई?" विमल.
हो म्हणाले. म्हणजे आणखी एक खोटं.

२६ जुलै
नळावर देवानंदची बायको संगीता. "बाभुळगावचं घराचं काम गेलं, मावशी. मालक म्हनते, ज्याचा विहार गळते त्याच्या हातचं घर नाई पायजे."
घागर अर्धीच भरली होती. तशीच उचलून आले.

२७ जुलै
देवानंदला सांगितलं. तो विहारात बांबूच्या पायाडावर उभा, हातात थापी. बोळा, डाळ, नाला, सगळं. खाली उतरला.
"तवाच काहून नाई सांगतलं?"
"भेव वाटला रे."
"तुमाले कोन काय म्हनलं असतं? हासले असते, बस. माह्या तर पोटावर आलं." मग दारातून, "अन् भाकर आनून देत व्हत्या मले."
थापी घेऊन गेला. कालवलेला माल घमेल्यात तसाच. मी बाहेर नेऊन ओतला, नाहीतर दगड झाला असता.

२८ जुलै, रविवार
विमलच्या ओसरीत वंदनेनंतर उभी राहिले आणि सर्वांसमोर बोलले. वाटलं होतं चिडतील. गौतमभाऊ हसले. "बाई, तुमचा जीव हाय त्या पोरावर. त्याले वाचवाले म्हनून राह्यल्या तुमी."
इतकी वर्षं खरं बोलणारी बाई म्हणून नाव कमावलं, आता खरं बोलले तर कोणी मानेना.
मग विमल उठली. "खरं हाय ते. डाळ भरताना बोळा मीबी पाह्यलता. मले वाटलं बाई काढतीन."
आता कोणी हसलं नाही. मी म्हटलं, आज वाचन दुसऱ्यानं करा. कोणी ग्रंथ उचलला नाही. तसेच उठलो.

३० जुलै
गौतमभाऊ देवानंदच्या घरी गेले होते. तो दाराशीच आला नाही. संगीता म्हणाली, वणीकडे काम पाहतो म्हणते.
मी बसनं बाभुळगावला. मालकाला सांगितलं. चहा पाजला त्यांनी, आणि "आता दुसरा लावला ना बाई."

१ ऑगस्ट
दुपारभर विमल आणि मी विहाराच्या भिंतीवरची बुरशी घासत होतो. ती म्हणाली, तुमीच एकट्या कायले रडता, मीबी तर नाई बोलली. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
संध्याकाळी देवानंद आला. चपला काढल्या, मूर्तीला हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवर तळवा ठेवून उभा.
"वली हाय अजून. रंग लावू नोका."
मी विचारलं, "उद्या येतो काय रे?"
वर छताकडे बघत राहिला.
"पाऊस पाहू," म्हणाला, आणि गेला.