धोट्याला बांधलेली गोळी

मंगळवार, १२ ऑगस्ट

विणकर सदाकाकांचं बीपी आज दोनदा मोजलं. दोन्ही वेळा चांगलं आलं. मला आधी मशीनवरच शंका. "डोकं नाही दुखून राहिलं, तं गोळी कायले खाऊ?" म्हणणारा हा माणूस. मी लावून दिलेला गोळ्यांचा तक्ता अजून कोराच आहे.

मग काकूंनी मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा दाखवला. रोज सकाळी त्या गोळीची पुडी लाल धाग्यानं धोट्याला बांधतात. ती सोडल्याशिवाय विणायला बसताच येत नाही.

"त्यायले जिवापेक्षा काम प्यारं. म्हून कामालेच बांधली."

इतकी वर्षं आशा सेविका म्हणून घरोघरी फिरते, मला हे काहून नाही सुचलं? पण वाईट नाही वाटलं, हसूच आलं.

निघताना थोडा लाल धागा मागून आणला. माझी थायरॉइडची गोळी आताच बीपी मशीनच्या पिशवीला बांधली.