काचेमागचं वस्त्र

आई,

हे पत्र पाठवू तरी कुठे? तू मातीखाली.

मेल्यावर नेसायला म्हणून ताडाच्या धाग्यांचं वस्त्र तू अकरा वर्षं भरत होतीस. "प्रदर्शनच आहे गं, दोन महिन्यांत परत येईल," म्हणत मीच ते राजधानीत, किन्शासाला पाठवलं. महिन्याभरातच तू गेलीस. छापील सुती कापडात तुला पुरताना मावशी माझ्यावर ओरडली, "अगं, मेलेल्यांच्या गावातले आपले लोक भरतकामावरूनच ओळखतात! आता हिला कोण आपली म्हणेल?"

काल प्रदर्शनाला गेले. काचेमागे तुझं वस्त्र, पुढे वाहवा करणारी गर्दी. मला रडताना पाहून रखवालदाराने विचारलं, "बाई, तुमच्या कोणाचं आहे का?"

लाजेने घाईघाईत डोळे पुसले. मग म्हणाले, "नाही हो. मी नाही ओळखत."

तुझीच,
बुलापे