संमतीचा रकाना

३ मार्च, सोमवार
डॉक्टर स्पष्टच बोलले — डायलिसिसवर फार काळ निभावणार नाही. घरातल्या कोणाचे मूत्रपिंड मिळाले तर पाहा. पत्नीला मधुमेह. ताईचे वय सत्तर. उरली एकवीस वर्षांची मुलगी.

४ मार्च
दात्याचा अर्ज मीच भरला. आयुष्यभर विमा कचेरीत लोकांचे अर्ज तपासले. रिकामा रकाना मला पाहवत नाही. तिची उंची, वजन, रक्तगट, लहानपणीचा गोवर — सारे नोंदवले. ‘स्वेच्छेने’ यापुढे खूणही केली. केवळ सहीची जागा सोडली.

ताई म्हणाली, “पोटची पोर आहे. तिला काय विचारायचंय!”

मुलगी हसली. “बाबा, वजन दशांशात? पार्सल करताय की काय मला?” आणि सही केली.

११ मार्च
सर्व तपासण्या पूर्ण.

१८ मार्च, मंगळवार
रुग्णालयाच्या समितीने तिला एकटीलाच आत बोलावले. चाळीस मिनिटे! ताईचा बाहेर बाकावर जप — “एवढं काय खोदून विचारतात मेले!” मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

२१ मार्च
एका ओळीचे पत्र. ‘वैद्यकीय कारणास्तव दाता अपात्र.’

२२ मार्च, शनिवार
सवय जात नाही. तिचे सगळे अहवाल आकडा न् आकडा ताडून पाहिले. दोष कुठेही नाही! डॉक्टरांना फोन केला. “दाता आमच्याशी काय बोलला, ते आम्ही घरच्यांना सांगत नाही,” एवढेच म्हणाले.

समजलो. ती नाही म्हणाली.

दुपारपर्यंत तिचा राग आला. नंतर स्वतःची लाज वाटली. शरीर तिचे. तिला नको, तर नको. ताईला बजावले, “काही जुळलं नाही. पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

२८ मार्च
मुलगी समोर येऊन बसली.

“बाबा, तुम्हाला वाटतंय मी नकार दिला. नाही दिला. समितीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं? मी म्हटलं, मला कोणी विचारलंच नाही. म्हणून त्यांनीच नाव काढलं; वैद्यकीय कारण नुसतं लिहायला.”

मी विचारेन म्हणून ती तशीच बसून राहिली.

‘देशील का’ असे आता विचारणे म्हणजे मागणेच. विचारले नाही.